मुलगी आठवीत जाणार: मुलींची शाळा की मिश्र शाळा? सीमाभागातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी विज्ञान शिकवत असे. पहिली बारा वर्षे बेळगाव शहरातल्या मुलींच्या शाळेत, पुढची सतरा वर्षे खानापूर तालुक्यातल्या मिश्र हायस्कूलमध्ये. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी एप्रिल उजाडला की पालक घरी येतात. आपल्याकडे गावची मराठी शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत, म्हणून आठवीला कुठे घालायचे हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. मुलाचा असेल तर चहा संपेपर्यंत सुटतो. मुलीचा असेल तर आजी, मामा, चुलते, शेजारी, सगळ्यांना मत असते आणि मुलगी दाराआड उभी राहून ऐकत असते. पालक जे विचारतात ते आणि मी जे सांगते ते, इथे लिहून ठेवते आहे.

थोडक्यात सांगा बाई, कुठली बरी?

सातवीपर्यंत मिश्रच बरी, त्यात मला शंका नाही. आठवीपासून पुढे, जी शाळा तुमच्या मुलीला दहावी पार करून पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, पोचवेल ती बरी, मग ती मुलींची असो वा मिश्र. कुठली शाळा तिला पोचवेल हे घराघरांवर ठरते: गाव किती लांब, बस किती वाजता, घरात कोण अडवणार, मुलगी किती बोलकी. म्हणून कुणी विचारले की मी आधी शाळेचे नाव विचारत नाही. शेवटची बस किती वाजता आहे ते विचारते.

मुलींच्या शाळेचा दहावीचा निकाल बघा की, नव्वदच्या वर असतो. मिश्र शाळेचा तेवढा कुठे असतो?

या एका गोष्टीवर पालक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून नीट सांगते.

कर्नाटकात दहावीला मुली मुलांच्या पुढे असतात आणि हे दरवर्षीचे आहे. २०२४ चा एस.एस.एल.सी.चा, म्हणजे इथल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेचा, राज्याचा निकाल घ्या. एकूण ७३.४० टक्के. त्यात मुलींचा ८१.११ आणि मुलांचा ६५.९०. म्हणजे पंधरा टक्क्यांचे अंतर. आता समजा तीन अगदी सर्वसाधारण शाळा आहेत, शिकवणे तिन्हीकडे सारखेच. मुलींच्या शाळेचा निकाल ८१ येईल, मिश्र शाळेचा ७३ आणि मुलांच्या शाळेचा ६६. फलकावर बघणारा म्हणणार, मुलींच्या शाळेत शिकवतात चांगले. शिकवण्याचा त्यात काडीचा संबंध नाही. मुलींची शाळा आहे म्हणून निकाल वर दिसतो, एवढेच.

मिश्र शाळेत गेलात की मुख्याध्यापकांना विचारा, “तुमच्याकडच्या मुलींचा निकाल किती लागला?” त्यांच्याकडे तो तक्ता असतो. तो आकडा मुलींच्या शाळेच्या आकड्याशेजारी ठेवा. माझ्या सतरा वर्षांत आमच्या मिश्र हायस्कूलच्या मुलींचा निकाल शहरातल्या बऱ्याच मुलींच्या शाळांच्या बरोबरीने लागला, पण एकूण आकड्यात मुलांनी तो खाली ओढलेला असायचा आणि गावातले लोक पोरींना शहरात पाठवायचे.

अजून एक विचारा. आठवीत किती जणी होत्या आणि दहावीच्या परीक्षेला किती बसल्या? नववीत कच्च्या मुलांना दाखला हातात देऊन वाटेला लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्यांचा शंभर टक्के निकाल त्या गेलेल्या मुलांच्या जिवावर लागलेला असतो.

यावर जगात अभ्यास झाले असतीलच. ते काय सांगतात?

झाले आहेत आणि एकमुखी नाहीत. २०१४ साली अशा १८४ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. २१ देश, १६ लाख विद्यार्थी. ज्या अभ्यासांनी घरची परिस्थिती, आधीचे गुण, प्रवेशाची निवड हे सगळे हिशेबात धरले होते, त्यांत मुलामुलींच्या वेगळ्या शाळांचा फायदा जवळपास शून्यावर आला. ज्यांनी हे धरले नव्हते, त्यांत फायदा दिसला. आपल्याकडच्या निकालाच्या फलकासारखेच झाले.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये १९७४ पासून हायस्कूलचे प्रवेश चिठ्ठ्या टाकल्यासारखे दिले जात होते, आईबापांच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. तिथे वेगळ्या शाळांतल्या मुलामुलींना कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत थोडे जास्त गुण पडल्याचे संशोधकांना आढळले. त्रिनिदाद-टोबॅगोमध्ये २०१० साली सरकारने कमी निकालाच्या वीस मिश्र शाळा मुलांच्या किंवा मुलींच्या केल्या. तिथेही दोघांचे गुण सुधारले.

मी यातून एवढेच घेते की शाळा वेगळी केल्याने जादू होत नाही आणि मिश्र ठेवल्याने आभाळ कोसळत नाही. “मुलींचा मेंदूच वेगळा असतो, त्यांना वेगळे शिकवायला हवे” असे कुणी सांगू लागले तर मात्र उठून घरी या. त्याला आधार नाही.

मग पूर्वी मुलींच्या वेगळ्या शाळा काढल्याच कशाला?

कारण त्या नसत्या तर मुली शाळेत आल्याच नसत्या. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली ती मुलींचीच. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, त्यालाच पुढे लोक हुजूरपागा म्हणू लागले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होते, ते १९५६ पर्यंत. पुण्याकडचा तो वारा इकडेही पोचला. महिला विद्यालय, उषाताई गोगटे मुलींचे हायस्कूल ही नावे आजही शहरात आदराने घेतली जातात. कॅम्पात, म्हणजे शहरातल्या लष्करी छावणीच्या भागात, मिशनऱ्यांच्या शाळा होत्या: सेंट पॉल्स १८५६ पासून मुलांची, सेंट जोसेफ मुलींची.

आज नातीला घेऊन माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आज्या मुलींच्या शाळेत शिकलेल्या आहेत. त्यांच्या वडिलांनी तेवढ्याच अटीवर त्यांना पाठवले होते. हे ऋण मी कधी नाकारणार नाही.

पुढे विचार बदलत गेला. १९६० नंतर हंसा मेहता यांच्या समितीने मुलामुलींना वेगवेगळा अभ्यासक्रम नको असे स्पष्ट सांगितले, आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ते उचलून धरले. मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान हा मार्ग तिथून बंद होत गेला. आता मुलींची शाळा असो की मिश्र, पुस्तक तेच, पेपर तोच.

आमची मुलगी लाजाळू आहे. मिश्र वर्गात तोंडच उघडत नाही.

हा खरा प्रश्न आहे आणि मुलींच्या शाळेच्या बाजूने माझ्याकडे असलेला सगळ्यात भक्कम मुद्दाही हाच.

मुलींच्या शाळेत मी आम्ल-आम्लारीचा प्रयोग घ्यायची तेव्हा टेबलाभोवती आठ मुली. कुणीतरी परीक्षानळी धरणार, कुणीतरी स्पिरिटचा दिवा पेटवणार, कुणाच्या तरी हातून लिटमस ओल्या टेबलावर पडणार आणि बाकीच्या हसणार. दुसरे कुणी करायला नव्हतेच. पुढे मिश्र शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात तोच प्रयोग. नळी मुलाच्या हातात, दिवा मुलाच्या हातात, आणि मुली दुसऱ्या रांगेत वही उघडून निरीक्षणे लिहिणार. सुंदर अक्षरात, आकृतीला पट्टीने रेघा मारून. कुणी त्यांना मागे ढकलले नव्हते. त्या आपणहून मागे उभ्या राहिल्या होत्या आणि मुलांना त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मी नियम केला. प्रयोगाला गट पाडायचे ते मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे. वहीत लिहायचे मात्र जोडीने, एक मुलगा आणि एक मुलगी. पहिले दोन महिने गोंधळ झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली “बाई, आज नळी मी धरते” म्हणू लागल्या. नववीतली एक जण, वडील भट्टीवर विटा पाडायचे, ती मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटवायची तेव्हा सगळा वर्ग डोळे बारीक करून बघायचा. तिला मुलींच्या शाळेत घालायचे घरच्यांच्या मनात होते, बसच्या वेळेमुळे राहून गेले होते.

म्हणून मुलगी लाजाळू असेल तर मिश्र शाळा लगेच बाद करू नका. तिथल्या विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना भेटा. वर्गात कुणाला उभे करतात, फळ्याकडे कुणाला बोलावतात, वर्गप्रमुख दोन आहेत की एकच मुलगा, हे विचारा. शिक्षक जागरूक असेल तर मिश्र वर्गात ती मुलांसमोर बोलायला शिकेल, आणि ती सवय तिला जन्मभर पुरेल. शिक्षक बेफिकीर असेल तर तीन वर्षे ती दुसऱ्या रांगेतच काढेल. तसे दिसले तर खुशाल मुलींच्या शाळेत घाला.

गावात मिश्र हायस्कूल आहे, मुलींची शाळा बेळगावात. रोज पाठवावे का?

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्य परिवहनच्या साध्या बसमधून मुलींना आणि बायकांना राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास आहे. त्यामुळे “भाड्याचे काय” हा प्रश्न गेला. मुलाला पास काढावा लागतो, मुलीला नाही, आणि काही घरांनी मुलीला शहरात पाठवायचा निर्णय एवढ्यावरच घेतला. चांगले झाले.

खरं, भाडे गेले तरी अंतर तिथेच आहे. (आपल्याकडचा हा ‘खरं’ म्हणजे ‘पण’; लिहिताना मी सहसा टाळते, आज राहू दे.) खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलीला शहरातली शाळा म्हणजे पहाटे उठणे, जंगलातल्या रस्त्याने स्टॉपवर येणे, गर्दीत उभ्याने जाणे आणि पावसाळ्यात दिवे लागल्यावर घरी पोचणे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडे पाऊस कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. फुकट झाल्यापासून बस भरून येते आणि शाळेच्या वेळेला वाहक कधी कधी थांबवतच नाही. आठवड्यातून दोन दिवस पहिला तास बुडतो. पहिला तास बहुतेक शाळांत गणिताचा.

माझे मोजमाप असे: घरून निघून घरी येईपर्यंत प्रवासाला रोज दोन तासांपेक्षा जास्त जात असतील तर गावची मिश्र शाळा घ्या. त्यातून वाचलेला वेळ आणि दम मुलगी अभ्यासाला लावेल. शहरात आत्या किंवा मावशी असेल आणि ती मुलीला घरकामाला जुंपणार नसेल, तर गोष्ट वेगळी. ती जुंपणार नाही याची खात्री मात्र आधी करून घ्या. “तिथं राहून शिकतीया” म्हणून पाठवलेल्या आणि सकाळी चार माणसांच्या भाकऱ्या थापून शाळेत येणाऱ्या मुली मी वर्गात डुलक्या घेताना पाहिल्या आहेत.

मिश्र शाळेत मुलींची सोय नसते म्हणतात.

सोय म्हणजे शौचालय, हे स्पष्ट बोलू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी शौचालये लिहिलेली आहेत. बांधलेली असतात. पण पाणी आहे का, आतून कडी आहे का आणि कुलूप कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न कागदावर येत नाहीत.

मी एका शाळेत रुजू झाले तेव्हा मुलींच्या शौचालयाची किल्ली शिक्षकखोलीत खिळ्याला टांगलेली असायची. तिथे दिवसभर चार पुरुष शिक्षक बसलेले. किल्ली मागायला कोण जाणार? मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. पाळीच्या दिवसांत सरळ घरी राहायच्या. हजेरीपट दाखवून मी मुख्याध्यापकांना म्हटले, बघा, याच सात मुली दर महिन्याला तीन दिवस नाहीत. त्यांनी त्याच दिवशी किल्ली दहावीच्या दोन मुलींच्या ताब्यात दिली. खर्च शून्य. पुढच्या महिन्यात सातपैकी पाच जणी आल्या.

मुलींच्या शाळेत ही अडचण कमी असते, कारण तिथे विचारायला लाज वाटत नाही. हा फायदा मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण मिश्र शाळेतही एक जागरूक बाई असली की तो मिळतो. सरकारच्या शुची योजनेतून शाळेत पॅड येतात. ते येतात का, आणि मुलींच्या हातात कोण देते, हे आईने जाऊन विचारावे. बाबांनी विचारले तरी काही बिघडत नाही.

मिश्र शाळेत काही भानगड झाली तर? तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

हा प्रश्न नेहमी सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली करून येतो. त्याच्याच भीतीने निर्णय होतात, म्हणून उत्तर पूर्ण देते.

चौदा-पंधराव्या वर्षी आकर्षण वाटणार. मुलींच्या शाळेतही वाटते, फक्त ते बस स्टॉपवर, शिकवणीला आणि मोबाइलवर जाते, जिथे शिक्षकांची नजर नसते. मिश्र वर्गात मुलगा रोज समोर दिसतो. त्याचे गणित कच्चे आहे, डबा सांडतो, मार खातो, रडतो. त्याचे फार काही अप्रूप राहत नाही. अनोळखी मुलाचे अप्रूप जास्त असते, हे मला मुलींच्या शाळेतल्या बारा वर्षांनी शिकवले.

छेडछाड ही वेगळी गोष्ट. ती होत असेल आणि शाळा “पोरं आहेत, चालायचंच” म्हणत असेल तर शाळा बदला, आणि बदलायच्या आधी लेखी तक्रार द्या. मोठ्या माणसाने अंगचटीला जाणे हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो मुलींच्या शाळेतला शिपाई असो वा शिक्षक. मुलींची शाळा म्हणून सगळे सुरक्षित, असे धरून चालू नका.

आणि सगळ्यात वाईट काय, तर भीतीपोटी शाळाच सोडवून लग्न उरकून टाकणे. अठराच्या आत मुलीचे लग्न बेकायदा आहेच, पण कर्नाटकने २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून असा विवाह मुळातच रद्दबातल ठरवला आहे. नातेवाईक घाई करत असतील तर त्यांना हे सांगा. शेजारच्या घरात घाटत असेल तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीला १०९८ या क्रमांकावर फोन करा. नाव सांगावे लागत नाही. दहावीच्या बाकावरून लग्नासाठी उठून गेलेल्या माझ्या तीन विद्यार्थिनी आहेत. मी तेव्हा फोन केला नाही, घरी जाऊन समजावले आणि परत आले. त्या तिघींची नावे मला हजेरीच्या क्रमाने पाठ आहेत.

मुलांच्या शाळेबद्दल कुणी विचारतच नाही. मुलाला मुलांच्या शाळेत घालावे का?

विचारलेत म्हणून बरे वाटले. हा प्रश्न सतरा वर्षांत मला दोनदाच आला.

मुलाला शक्यतो मिश्र शाळेत घाला. बहिणीशिवाय दुसऱ्या मुलीशी कधी न बोललेला मुलगा पी.यू.सी.ला जातो तेव्हा त्याला बोलायचे कसे हेच कळत नाही. मग तो एक तर घुम्या होतो, नाहीतर टोळक्यात उभा राहून शेरे मारतो. मिश्र वर्गात अडलेले गणित मुलीकडून समजून घेतलेला मुलगा पुढे बायकोचे ऐकतो, असे माझे निरीक्षण आहे. आकडा नाही माझ्याकडे, पण माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन आले आहे.

दहावीला पंधरा टक्क्यांनी मागे असलेले मुलगे ही आपल्या समाजाची मोठी चिंता व्हायला हवी. सातवी-आठवीपासून गवंड्याच्या हाताखाली, गॅरेजवर, गोव्याला कामावर जाऊन चार पैसे आणणारा मुलगा “हुशार” ठरतो आणि वर्गात मागे पडतो. त्याला वेगळ्या शाळेत कोंबून तो सुधारणार नाही. त्याला सकाळी पाठवा आणि संध्याकाळी वही बघा.

मुलींची शाळा धरली तर मराठी माध्यम सोडावे लागते. काय करावे?

शहराबाहेर मराठी माध्यमाची मुलींची स्वतंत्र शाळा सहसा हाताशी नसते. म्हणून निवड बऱ्याचदा “मुलींची इंग्रजी शाळा की मराठी मिश्र शाळा” अशी होते आणि लोक समजतात की आपण मुलींच्या शाळेचा निर्णय घेतला. घेतलेला असतो माध्यमाचा.

सातवीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी आठवीला एकदम इंग्रजीत गेली, तर पहिले वर्ष शब्द समजण्यातच जाते. विज्ञानात ती मागे पडते ते विज्ञानामुळे नाही. एस.एस.एल.सी. मराठीतून देता येते आणि पहिली भाषा मराठी घेतली तर तिचे १२५ गुण असतात, बाकी विषय शंभराचे. मराठी नीट येणाऱ्या मुलीला ही हक्काची जमा आहे. कन्नडही मन लावून शिकू द्या. पुढे नोकरी, बँक, तहसीलदार कचेरी, सगळीकडे ती लागते आणि कन्नड येणारी मुलगी इथे कुणावर अवलंबून राहत नाही.

फक्त मुलगे नकोत म्हणून माध्यम बदलू नका. माध्यम बदलायचेच असेल तर ते पहिली-दुसरीत बदला.

निवासी शाळा कशा?

सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतच तयारी करावी लागते, म्हणून आठवीच्या पालकांना हे उशिरा कळते. आपल्या जिल्ह्यात कित्तूरला राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची सैनिकी निवासी शाळा १९६९ पासून आहे. तिथे घोड्यावर बसणाऱ्या, संचलन करणाऱ्या मुली बघितल्या की “मुलींची शाळा म्हणजे शिवणकाम” हे डोक्यातून निघून जाते. उलट बेळगावचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ पासून केवळ मुलांचे होते, तिथेही आता मुलींना दार उघडले आहे. देशभरच्या सैनिक शाळांनी २०२१-२२ पासून मुली घ्यायला सुरुवात केली. नवोदय विद्यालये मिश्र आहेत आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या. ज्या घरात शाळा सुटायचीच वेळ आली आहे, त्यांनी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाची चौकशी बी.ई.ओ. (गटशिक्षणाधिकारी) कचेरीत करावी.

खेळाचे काय?

मुलींच्या शाळेत मैदान मुलींचे असते. मिश्र शाळेत क्रिकेट सुरू झाले की मुली भिंतीला टेकून बसतात. मैदानाचे वेळापत्रक आहे का, एवढे विचारा.

आमच्याकडची मुलींची शाळा आता मिश्र होणार म्हणे. विरोध करावा का?

पट कमी झाला की संस्था हा मार्ग घेतात. मुले इंग्रजी माध्यमाकडे गेली, निवृत्त शिक्षकांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, वर्गात अठरा मुली उरल्या. अशा शाळेला तीन वाटा असतात: बंद पडणे, दुसरीत विलीन होणे किंवा मुलगे घेणे. तिसरी वाट सगळ्यात बरी. केरळात तर २०२२ साली बालहक्क आयोगानेच सगळ्या शाळा मिश्र कराव्यात असा आदेश दिला होता.

विरोध करण्यापेक्षा अटी घाला. पालकसभेत उभे राहून म्हणा की पहिली दोन वर्षे वर्गात मुलींची संख्या निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, प्रयोगशाळेत आणि वर्गप्रमुखपदात वाटणी ठरवा, बाई शिक्षिका किमान दोन ठेवा. पाटीवरचा “मुलींचे” हा शब्द गेला म्हणून रडणारी एक माजी विद्यार्थिनी मला माहीत आहे. तिचे दुःख खरे आहे. तरी तिची स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेत आहे, हेही खरे.

दहावीपर्यंत मुलींत वाढली. कॉलेज मिश्र. झेपेल का?

पहिले तीन महिने जड जातात, नंतर बहुतेकींना झेपते. हवे तर शहरात मुलींची पी.यू. कॉलेजे आहेतच. पण मी सांगते की उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मिश्र शिकवणीला किंवा वाचनालयात पाठवा, चुलतभावांबरोबर बँकेत पाठवा, स्लिप तिला भरू द्या. बाहेरचे जग मिश्रच आहे.

शाळा बघायला गेल्यावर नेमके काय बघू?

कचेरीत बसून चहा घेऊ नका. मधल्या सुट्टीत जा. नळाला पाणी येते का आणि नळावर मुली आहेत का ते बघा. शौचालयाची कडी स्वतः लावून बघा, आईने. नववीच्या वर्गाच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहा आणि शिक्षक कुणाचे नाव घेऊन प्रश्न विचारतात ते ऐका. प्रयोगशाळेचे कुलूप गंजलेले असेल तर दोन वर्षांत ते उघडलेले नाही असे समजा. दहावीच्या एखाद्या मुलीला विचारा, “तुमच्यातल्या किती जणी पुढं शिकतात गं?” ती बोटावर मोजू लागली तर मोजू द्या, मध्ये बोलू नका.

मुलीला बरोबर न्या. परत येताना बसमध्ये तिला विचारा, कुठली आवडली. बहुतेक मुली तिथे “तुम्ही म्हणाल ती” म्हणतात. तेवढ्यावर सोडू नका. रात्री जेवणं झाल्यावर, भांडी घासताना तिच्याशेजारी बसून पुन्हा एकदा विचारा.